पत्रावळी कोण घेतं ते बघायला: जळगाव, धुळे, सोनगीर

"आई, जळगाव-धुळ्याला येता का माझ्यासोबत?" सुनीताने विचारलं तेव्हा मी कणीक मळत होते. मी आधी हो म्हणाले, मग हात धुतले आणि मग विचारलं, कशाला जायचंय. सुनीता माझी सून. माझा मुलगा केळीच्या कापणीत अडकलेला, त्याला सवड नव्हती, म्हणून माझा नंबर लागला. मला कोणी भुसावळच्या स्टँडवर नुसतं बसवून परत आणलं तरी मी खूश असते. इथे तर चांगलं फिरायला मिळणार होतं आणि परत येताना सोनगीरला धाकट्या बहिणीकडे मुक्काम.

मी लिहिते म्हणजे फोनसमोर बोलते, फोन अक्षरं काढतो. माझी शाळा चौथीपर्यंत. नात पुण्यात असते, तिने हे पान उघडून दिलं आणि सांगितलं, आजी, जिथे जाशील तिथलं लिही, भाडं लिही, काय खाल्लं ते लिही, लोकांना उपयोग होतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते, एसटीत आता सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. आधारकार्ड मात्र वरच्या कप्प्यात ठेवा. पिशवीच्या तळाशी ठेवलं की कंडक्टर उभा राहतो आणि सगळी गाडी आपल्याकडे बघते.

आता कशाला गेलो ते. आमचं गाव यावलजवळ, सातपुड्याच्या अंगाला. गावातल्या बायकांच्या बचत गटाने पळसाच्या पानांच्या पत्रावळी करायचं यंत्र घेतलंय. डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात पानं गोळा करून, वाळवून आणून देतात. यंत्राला दोन तापलेले साचे आहेत, टाके घालून जोडलेली पानं मधे ठेवून दाबलं की ताटासारखी खोलगट पत्रावळ तयार. हे सगळं सुनीता बघते. लग्न होऊन आली तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट तिने विचारून केली, भाजीत कूट घालू का इथपर्यंत. हे एकच काम तिने कुणाला न विचारता सुरू केलं. म्हणून तिचा त्या यंत्रावर जीव आहे. ती तसं म्हणत नाही, पण मी बघते ना. वीज गेली की आधी तिकडे पळते, मग घरात.

तर यंदा पत्रावळी खपेनात. लगीनसराईच्या आधी धुळ्याच्या एका दुकानात बराच माल पाठवला होता, तो तसाच पडून. आषाढात गटाच्या बायका बसल्या आणि ठरलं की दुकानदार माल परत ने म्हणाला तर यंत्र विकून टाकायचं. चोपड्याकडचा एक माणूस घ्यायला तयारही होता. सुनीता म्हणाली, मला एकदा जाऊन येऊ द्या, मग विका.

निघालो बुधवारी सकाळी. श्रावण होता, नागपंचमी नुकतीच झालेली. यावलहून भुसावळची गाडी पकडली. खिडकी मिळाली तर बघा, रस्त्याला दोन्हीकडे केळीच केळी, आणि मग तापीचा पूल येतो. पाणी गढूळ होतं, पण दोन्ही काठ भरून. मी पुलावर दर वेळी हात जोडते, सुनीता हसते. भुसावळला गाडी बदलायची. स्टँडसमोरचा चहा चांगला आहे, आलं घालून मागा, मागितल्याशिवाय घालत नाहीत.

जळगावला बायकांच्या गटांचं प्रदर्शन होतं, मोठ्या मंडपात. पापड, कुरडया, शेवया, गोधड्या, आणि एका कोपऱ्यात आम्ही. सुनीताने भाषण पाठ केलं होतं. प्रशिक्षणात शिकवलेलं. प्लास्टिकने जमिनीचं काय होतं, गायीच्या पोटात काय जातं, नदीत काय साचतं. छान बोलत होती. मी मागे खुर्चीवर बसून लोक बघत होते. लोक बघण्यासारखी दुसरी करमणूक नाही.

पहिल्या एक चष्मेवाल्या बाई आल्या. "अगदी नैसर्गिक, किती सुरेख," म्हणाल्या. पत्रावळ हातात धरून स्वतःचा फोटो काढला, पत्रावळ खाली ठेवली आणि गेल्या. मग एक नवराबायको आले, त्यांना डोहाळजेवणासाठी हव्या होत्या.

"फोटोत हिरवं दिसेल ना?" तिने विचारलं.

"वाळलेलं पान आहे, ताई. तपकिरी दिसेल," सुनीता म्हणाली.

"मग केळीची पानंच घेऊ," ती नवऱ्याला म्हणाली.

एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी पूर्ण भाषण उभ्याने ऐकलं. मधे मधे मान हलवली, दोन अवघड प्रश्न विचारले. मला वाटलं हे दहा पुडे घेणार. "स्तुत्य उपक्रम आहे," म्हणाले आणि हातातली कुरडयांची प्लास्टिकची पिशवी सावरत पुढे गेले.

विकत घेतल्या त्या वेगळ्याच लोकांनी. एक गृहस्थ धावत आल्यासारखे आले. "हे धुवावं लागत नाही ना?"

"नाही, भाऊ. वापरायची आणि टाकायची. प्लास्टिकमुळे आपल्या जमिनीचं..."

"ते राहू द्या. आमची भांडीवाली गावाला गेलीय आणि बायको माझ्याशी बोलत नाहीये. आठवडाभर पुरतील तेवढ्या द्या."

दोन शेजारणी आल्या. एकीने पुडा घेतला. दुसरी तिला म्हणाली, "तू घेतलास ना? मग मलाही दे बाई. नाहीतर तू कॉलनीत सांगत फिरशील, ही अजून थर्माकोलवर जेवते म्हणून." पहिली म्हणाली, "सांगणारच होते." दोघी हसल्या आणि दोघींनी पैसे दिले.

दुपारी मी सुनीताला विचारलं, "ते पर्यावरणासाठी म्हणून कोणी घेतली का गं?"

"एका सरांनी घेतली, आई. कॉलेजात तोच विषय शिकवतात."

"किती?"

"एक. मुलांना दाखवायला."

जळगावात आलात आणि वांग्याचं भरीत खाल्लं नाही तर लोक नावं ठेवतात. पण चातुर्मासात मी वांगं सोडलेलं असतं. कांदा नाही सोडत, तेवढं माझ्याच्याने होत नाही. म्हणून शेवभाजी आणि पोळी खाल्ली. भाजी एवढी झणझणीत की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने न मागता मला ताकाचा पेला सरकवला. मुक्काम सुनीताच्या मावसबहिणीकडे केला. लॉजची मला माहिती नाही, ती विचारू नका.

दुसऱ्या दिवशी धुळ्याची गाडी. एरंडोल, पारोळा करत जाते. सकाळची धरा, दुपारी गर्दी होते. रस्ता आता मोठा झालाय, गाडी पळते, पण पळते म्हणून कापसाची शेतं नीट बघता येत नाहीत. पूर्वी बस प्रत्येक फाट्याला थांबायची आणि प्रत्येक फाट्यावर कोणीतरी ओळखीचं चढायचं. माझ्या शेजारी पारोळ्याची एक बाई बसली होती, तिने मला तिच्या तिन्ही सुनांबद्दल सांगितलं. मी सुनीता खिडकीत झोपलीय का ते बघितलं आणि मग मीही थोडं सांगितलं. चांगलंच सांगितलं, बहुतेक.

दुकान धुळ्यात पाचकंदील भागात, पंगतीच्या सामानाचं. द्रोण, पेले, थाळ्या, चमचे, छतापर्यंत रचलेलं. मालक कांतीशेठ. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ मराठी आपल्यासारखं बोलतात. त्यांनी मला आतली गादी दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि चहा मागवला. माणूस बरा. आमच्या पत्रावळींचे गठ्ठे मात्र पार मागे, धूळ खात.

"ताई, खरं सांगू?" शेठ सुनीताला म्हणाले. "लोक हातात घेतात, वास घेतात, म्हणतात छान आहे. मग विचारतात, आमटी गळेल का. मी काय सांगू? गळते."

"अर्ध्या तासाने गळते, शेठ. लगेच नाही."

"पंगतीत वाढपी यायलाच अर्धा तास लागतो." मग त्यांनी खालच्या फळीवरून एक पत्रावळ काढली. वरून बघितलं तर आमच्यासारखीच, पळसाचं पान. त्यांनी कड सोलून दाखवली. वर पान, खाली कागद आणि मधे चकचकीत प्लास्टिकची पन्नी. "ही गळत नाही. गिऱ्हाईकाला पानावर जेवल्याचं समाधान, आणि शालूही खराब होत नाही. तुमचं यंत्र हे करू शकतं. फक्त मधे पन्नी घालायची. अशा करून देत असाल तर पुढच्या लगीनसराईची ऑर्डर आत्ता लिहून देतो. नसाल करत तर हा माल घेऊन जा, ताई. माझी जागा अडते."

सुनीताने ती पत्रावळ उलटसुलट केली. "उद्या सांगते," म्हणाली.

धुळ्याहून सोनगीर म्हणजे आग्रा रोडने शिरपूरच्या दिशेला, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. बसमध्ये सुनीता म्हणाली, "आई, पान ते पानच ना. पन्नी मधे असते, दिसतसुद्धा नाही."

"यंत्र राहील ना?"

"राहील. सगळ्यांना काम मिळेल."

"मग घाल की. कोण सोलून बघतंय."

हो, मी असंच म्हणाले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. जळगावच्या मंडपात बघितलंच होतं, पृथ्वी वाचवायला कोणी पाकीट उघडत नव्हतं. मग आपणच एवढं सोवळं का पाळायचं?

सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी लोक लांबून येतात. मी एक छोटा तांब्या घेतला, घासाघीस केली, दुकानदार दमला. गावाला लागून टेकडीवर जुना किल्ला आहे. फार उंच नाही, पण चढ आहे. माझी बहीण इंदू आणि मी दरवाजापर्यंत गेलो, तिथे वाऱ्यात बसलो आणि शेंगदाणे खाल्ले. वरपर्यंत सुनीता गेली. वरून हायवे दिसतो आणि श्रावणात सगळं हिरवं असतं, असं तिने सांगितलं, त्यावर विश्वास ठेवून लिहितेय. चप्पल चांगली घाला. सपाट तळव्याची माझी सटकत होती.

इंदूच्या सासरी येत्या रविवारी कानबाईचे रोट होते. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, गव्हाचे जाड रोट, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. काही घरांची रीत वेगळी असेल, पण इंदूच्या सासरी रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्या कुणालाही नाही. उरलंसुरलं, खरकटं, ताटं धुतलेलं पाणी, हात धुतलेलंसुद्धा, सगळं परसातल्या एका खड्ड्यात जायचं. रोटाला लागलेलं काही घराबाहेर जात नाही. आमच्या सासरी रोट नाहीत. त्यामुळे मी सख्खी बहीण असूनही बाहेरची.

"तुले रोट भेटाव नही, अक्का," इंदू मला चिडवत होती. "खिचडी करी देसू."

"मी रविवारच्या आधीच चालले. तुझी खिचडी तूच खा."

इंदूच्या सासरचे थोरले दीर म्हणजे नाना. घरातला कर्ता माणूस, सगळं आधी आखून करणारा. रोट रविवारी, पण खड्डा ते शुक्रवारीच खणतात. पावसाचे दिवस, पाणी साचलं तर आधी कळावं म्हणून. जागा ठरलेली, परसात कडुनिंबाखाली, जिथे कुणाचा पाय पडत नाही. शुक्रवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले होते, सुनीता तोंड धूत होती. नाना खणत होते. फावडं मातीत गेलं आणि सटकलं. परत मारलं, परत सटकलं.

"हाई काय शे?" नाना वाकले आणि हाताने माती बाजूला केली.

खाली चकत्या होत्या. चकचकीत, पातळ, ताटाएवढ्या गोल, एकावर एक रचलेल्या, जशा पंगतीनंतर उचलून ठेवतात तशा. नानांनी एक ओढून काढली, बादलीत बुचकळली आणि वर धरली. पलीकडचा कडुनिंब तिच्यातून दिसत होता. एका बाजूला खिरीचा पिवळा डाग अजून होता.

नानांनी तो डाग अंगठ्याने घासून बघितला. मग म्हणाले, "पान सांगीसन दिनं व्हतं माले. पळसनं पान."

गेल्या वर्षी भाऊबंद वाढले, घरातली ताटं पुरेनात, म्हणून नानांनी धुळ्यातून पत्रावळी आणल्या होत्या. खास पानाच्याच मागून, कारण खड्ड्यात जायच्या होत्या. पान गेलं होतं, कागद गेला होता. मधली पन्नी राहिली होती.

नानांची बायको, तिला सगळे नानी म्हणतात, दारातून बघत होती. "म्हंजे गया सालना रोट पोचनाज नही," ती हळू म्हणाली. देवीला पोचलेच नाहीत म्हणे.

"आसं काही बोलू नका, नानी," इंदू म्हणाली. पण तिचाही आवाज पडला होता.

मग प्रश्न पडला की या चकत्यांचं करायचं काय. इंदूचा नवरा म्हणाला, कचरागाडी येतेच आहे. नाना त्याच्यावर वैतागले. "रोटनं उष्टं शे ते. कचरागाडीमा कसं टाकसू?" जाळायचं तर पन्नी जळताना वास येतो, कानबाईच्या तोंडावर तो धूर कोण करणार. शेवटी नानांनी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खोल खणून त्या तशाच पुरल्या आणि वर दगड ठेवला. दगड ठेवून झाल्यावर ते कपाळाचा घाम पुसत तिथेच उकिडवे बसले. गारपिटीने पीक गेल्याचंही मी त्यांना तोंड वाकडं न करता सांगताना ऐकलंय. आज ते कुणाकडे बघत नव्हते.

मी सुनीताकडे बघितलं. ती टॉवेल हातात घेऊन उभी होती, तोंड पुसायचं विसरलेली.

नाना तिच्याकडे वळले. "सुनीता, तू बी पत्रावळी करस ना? तुन्या पत्रावळीमा मधमा काय ऱ्हास?"

"काही नाही, नाना. नुसतं पान." टॉवेल खांद्यावर टाकत ती म्हणाली, "म्हणूनच खपत नाहीत."

जळगावच्या उरलेल्या आमच्या पिशवीत होत्या. नानांनी एक घेतली, उन्हाकडे धरली आणि सरळ दोन तुकडे केले. फाटलेली कड बोटाने चाचपली. चावून बघतात की काय असं मला वाटलं.

"बठ्ठ्या अठेज ठी दे," म्हणाले. म्हणजे सगळ्या इथेच ठेव.

सुनीता आपली खरेपणाने सांगायला लागली, की नाना, आमटी गळते हं यातून. इंदूने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "आमटी वाटीमा वाढसूत. खीर बी वाटीमा. वाट्या शेतस ना घरमा. वाटी धोवानं पानी खड्डामा." झालं. शेठ आणि सुनीता लगीनसराईपासून ज्यावर डोकं खाजवत होते ते इंदूने कढई घासता घासता मिटवलं.

दुपारपर्यंत ही गोष्ट गल्लीत फिरली. खड्ड्याची गोष्ट फिरायला काय वेळ लागतो. रोट असलेल्या घरांतल्या बायका येऊ लागल्या. कोणी म्हणालं, आम्हीही तशाच आणल्या होत्या, आमच्या खड्ड्यात बघायची भीती वाटते. सुनीताने भाषणाचं तोंडही उघडलं नाही. भाव विचारायच्या आधी त्या पत्रावळ फाडून बघत होत्या. एक म्हातारी, माझ्याहूनही म्हातारी, तुकडा हातात चुरगळत म्हणाली, "पुरं तं सडाले पाहिजे ना, माय." पुरलं तर सडलंच पाहिजे, असं. आणि पाच जणींसाठी घेऊन गेली.

पिशवी रिकामी झाली. बाकीचा माल कुठे, तर कांतीशेठकडे. सुनीताला ती चकती शेठना दाखवायची होती. नाना नाही म्हणाले. रोटाला लागलेलं घराबाहेर जाणार नाही. पण फोटो काढ म्हणाले, फोटोला उष्टं नसतं. दगड पुन्हा सरकवला, माती बाजूला केली, सुनीताने फोटो काढला.

धुळ्याला पोचलो तेव्हा शेठ जेवून सुपारी कातरत बसले होते. सुनीताने फोन समोर धरला आणि काय झालं ते सांगितलं. शेठनी फोटो बोटांनी मोठा केला, खिरीच्या डागापर्यंत.

"माझ्याकडून गेल्या असतील," म्हणाले. "नसतीलही. धुळ्यात दुकानं पुष्कळ. पण असतील."

मग त्यांनी विचारलं, रोट रविवारीच ना. त्यांच्यात रोट नाहीत, पण इतकी वर्षं या बाजारात बसलेला माणूस, कुणाचा सण कधी आणि त्याला काय लागतं हे त्यांना कॅलेंडर न बघता माहीत. ते स्वतः उठले. मागचे गठ्ठे पुढे आणले, धूळ झटकली, दारातच मांडले. खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: रोटासाठी. मधे पन्नी नाही.

"शेठ, खाली पर्यावरणपूरक असंही लिहा ना," सुनीता म्हणाली.

"ते नको, ताई. ते लिहिलं की लोक भाव करायला लागतात."

मी हसले. सुनीता आधी रागावली, मग तीही हसली.

आम्ही बसलो असतानाच दोन बायका पुठ्ठा वाचून थांबल्या. "मधे पन्नी नाही म्हणजे?" एकीने विचारलं. शेठनी पन्नीवाली सोलून दाखवली. स्वतःच्याच दुकानातली. ती बाई सोललेल्या पन्नीकडे बघत राहिली आणि दुसरीला म्हणाली, "आपण गेल्या वर्षी कुठल्या नेल्या होत्या गं?" दुसरीने पिशवी उघडून पुढे केली. दोघींनी आमच्या घेतल्या.

त्या गेल्यावर सुनीता म्हणाली, "शेठ, पन्नीच्या मी करणार नाही."

"लग्नाची ऑर्डर जाईल, ताई. रोट वर्षातून एकदा असतात. लग्नं रोज."

"जाऊ द्या."

"मी दुसरीकडून घेईन."

"घ्या. पण पानाची म्हणून देऊ नका. पन्नीची म्हणून द्या."

शेठनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "बघू," म्हणाले. आमचा माल मात्र परत ने म्हणाले नाहीत. निघताना त्यांनी मला एक स्टीलचा चमचा दिला, आठवण म्हणून. पंगतीच्या सामानातलाच, पण चांगला जाड आहे.

परतीचा प्रवास लांब वाटला. जळगावला गाडीसाठी थांबावं लागलं, तेवढ्यात नातीसाठी केळीचे वेफर घेतले. पाकिटापेक्षा कढईतून काढलेले सुटे घ्या, स्वस्त पडतात आणि कुरकुरीत राहतात. डबा सोबत न्या, नाहीतर दुकानदार कागदात बांधतो आणि तेल पिशवीला लागतं. अंधार पडल्यावर घरी आलो.

गटाच्या बायका वाटच बघत होत्या. सुनीताने सगळं सांगितलं, लग्नाची ऑर्डर नाकारली तेही सांगितलं. त्यावर बरीच वादावादी झाली. एक म्हणाली, कानबाई रोज येत नाही, आमची पोटं रोज आहेत. ती खोटं बोलत नव्हती. शेवटी दिवाळीपर्यंत यंत्र ठेवू, मग बघू, असं ठरलं. रोटाच्या आदल्या दिवशी शेठचा फोन आला, माल संपला म्हणून. नंतर सोनगीरहून, मग शिंदखेड्याकडून विचारणा झाली. कुणाच्या घरी गोंधळ, कुणाच्या घरी कुळाचार, जिथे जिथे उष्टं जमिनीत घालतात तिथून. यंत्र आता आठवड्यातून दोन दिवस चालतं. विकायचं कोणी बोलत नाही, पण मोठ्या उड्याही कोणी मारत नाही.

मला मात्र घरी आल्यावर चैन पडेना. नानांना आपण सांगून बसलो, नुसतं पान. म्हणून आमच्याही परसात मोरीच्या पाण्याजवळ मी एक पत्रावळ पुरली. रोज उकरायची नाही एवढं स्वतःला बजावलं. दसरा झाल्यावर खुरपं घेऊन बसले. पान नव्हतं. थोड्या काळ्या शिरा होत्या, त्या हात लावताच मातीत मिसळल्या. मला एवढा आनंद झाला की मी सुनीताला हाक मारली. आणि मग खुरप्याला काहीतरी अडकलं.

दोरा होता. पानं एकमेकांना जोडायला आधी शिवणयंत्रावर टाके घालतात, मग ती साच्यात जातात. त्या टाक्यांचा दोरा. पांढरा, गोल वळलेला, टाक्याचं प्रत्येक वळण तसंच. मी ओढून बघितला, तुटला नाही, बोटाला काचला. नायलॉनचा. बाजारात तो स्वस्त मिळतो आणि शिवताना तुटत नाही, म्हणून गटाने पहिल्यापासून तोच आणलेला.

सुनीता माझ्याशेजारी मातीतच बसली. कितीतरी वेळ तो दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग उठून तिने यंत्राजवळची सगळी रिळं एका पिशवीत भरली आणि नानांना फोन लावला. मला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"नाना, पन्नी नव्हती ते खरं. पण पुढच्या वर्षी खणाल तेव्हा दोरा निघेल. माझी चूक झाली. आम्हाला सुचलंच नाही."

पलीकडे नाना ते सगळं नानीला मोठ्याने सांगताना ऐकू आले. मग फोनवर परत आले.

"निंघना तं निंघना," नाना म्हणाले. "त्या दगडखाल टाकसू. पुढला साल सुती दोरानी आन."

"आणते, नाना."

"आन. मी खनीसन देखसू."

सुनीताने दुसऱ्या दिवशी यावलहून सुती दोरा आणला. शिवणयंत्रावर तो दोनदा तुटला आणि ज्या बाईने रोजच्या पोटाचा विषय काढला होता ती कपाळाला आठ्या घालून बघत होती. मग तिनेच उठून सुई बदलली, दोरा ओवला आणि म्हणाली, जरा हळू चालव. चालला.